स्पीड दर हंगामात शून्यावर: होडीच्या बुडातला जुना सेन्सर बदलण्याआधी आणि बदलताना

तक्रार नेहमी ऑक्टोबरनंतर सुरू होते. पावसाळाभर ताडपत्रीखाली असलेली होडी दसऱ्याच्या आसपास पाण्यात उतरते. सुरुवातीला सगळे आकडे व्यवस्थित असतात. मग दिवाळीच्या सुट्टीत बेळगावची मंडळी चोर्ला घाट उतरून गोव्यात किंवा रामनगर-जोयडामार्गे कारवारला पोचतात, शीड चढवतात, आणि स्पीडचा आकडा 0.0 वरून हलत नाही. कधी पाण्याच्या खोलीच्या जागी नुसत्या तीन आडव्या रेघा. संध्याकाळी फोन ठरलेला: "सेन्सर गेला, नवा मागवू का?" गंमत म्हणजे नवा मागच्याच हंगामात घातलेला असतो.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मी इन्स्ट्रुमेंटची कामं करतो. समुद्र इथून शंभर किलोमीटरच्या पुढे, तरी बेळगाव-खानापूरकडच्या हौशी लोकांच्या होड्यांचे सेन्सर माझ्या टेबलावर येतातच. त्यातले बरेचसे चांगले असतात, नुसते धुऊन परत पाठवतो. जे खरंच संपलेले असतात त्यांच्या बाबतीत एकटा सेन्सर बदलून भागत नाही. तो ज्या नळीत बसतो ती नळी बदलायला हवी असते. लोक बरोबर उलटं करतात. चालू सेन्सर फेकून देतात आणि पंचवीस वर्षांची प्लास्टिकची नळी पाण्याच्या पातळीखाली तशीच ठेवतात.

रचना अशी. कीलच्या, म्हणजे तळाखालच्या उभ्या फळीच्या, थोडं पुढे, तळाला आरपार भोक पाडून त्यात नळी, म्हणजे हाउसिंग, सीलंट लावून पक्की केलेली असते. बाहेरून तिची कॉलर, आतून मोठा नट. नळीत वरून सेन्सर सरकतो, ओ-रिंगांवर, म्हणजे रबरी कड्यांवर, घट्ट बसतो, वर टोपीनट आणि त्याला अडकवायला पिन किंवा तार. सेन्सरच्या खालच्या तोंडाला छोटी चक्री असते. तिच्या पात्यांत चुंबकं आणि वर हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळून गेलं की ओळखणारा भाग. पाण्याने चक्री फिरली की विजेचे ठोके, म्हणजे पल्स निघतात. एअरमार कंपनीच्या नेहमीच्या सेन्सरला सागरी मैलाला 20,000, म्हणजे एका नॉटला (तासाला एक सागरी मैल) सेकंदाला साधारण 5.6. खोलीसाठी वेगळी पिझो चकती असते. ती 200 किंवा 235 किलोहर्ट्झचा आवाज खाली सोडते आणि प्रतिध्वनीची वाट बघते. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, त्यामुळे दहा मीटर खोलीचा प्रतिध्वनी 13 मिलिसेकंदांत परत येतो. तापमानाला एक थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे बदलणारा रोध. तिन्ही गोष्टी एकाच सेन्सरमध्ये असल्या तरी तिघांचं दुखणं वेगवेगळं असतं, हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं करा. स्पीड बंद पण खोली आणि तापमान चालू, असं असेल तर केबल तुटल्याची शक्यता कमी आणि चक्री अडकल्याची जास्त.

सेन्सर बाहेर काढण्याआधी

होडी पाण्यातच असेल तर डमी, म्हणजे नळीत बसणारं कोरं बुच, आधी हातात घ्या, त्याच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, आणि मगच पिन काढा. 51 मिलिमीटरचं भोक पाण्याच्या पातळीपासून अर्धा मीटर खाली असेल तर त्यातून मिनिटाला 230 लिटरच्या आसपास पाणी आत येतं. होड्यांवर सर्रास दिसणारा तासाला 1100 गॅलनचा बिल्ज पंप, म्हणजे होडीच्या पोटात तळाशी साचलेलं पाणी उपसणारा पंप, कागदावरसुद्धा मिनिटाला 70 लिटरच फेकतो. म्हणजे पंपाच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. काही नळ्यांना आत झडप असते, सेन्सर निघाला की ती आपोआप मिटते. पाण्याचा लोंढा अडवायला तिचा उपयोग होतो, पण ती पाणी पूर्ण बंद करत नाही, आणि शिंपल्याचा एक तुकडा तिच्यात अडकला की मिटतही नाही. शेजारी पाइनसारख्या मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवा. सागवान नको, कडक लाकूड भोकाच्या आकाराला दाबून बसत नाही.

पहिल्यांदा करणाऱ्याने हे काम ओहोटीला, होडी वाळूवर टेकलेली असताना करावं. कारवार-गोव्याला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत दोनेक मीटरचा फरक मिळतो. सपाट तळाच्या किंवा वर उचलता येणाऱ्या कीलच्या होडीला तेवढा पुरतो.

चक्री फिरते का

सेन्सर हातात आला, डमी बसली, केबल जोडलेलीच आहे. आता डिस्प्ले चालू ठेवून चक्री बोटाने गरगरा फिरवा. दुसऱ्याने डिस्प्लेवर नजर ठेवावी. आकडा उसळला तर सेन्सर, केबल, डिस्प्ले तिघेही ठीक आहेत आणि तुमचा सगळा त्रास चक्रीवर बसलेल्या घाणीचा आहे. नवा सेन्सर मागवायची गरज इथेच संपते.

ती घाण म्हणजे बार्नेकल. चुन्याच्या कवचाचा हा जीव पिलू असताना पाण्यात तरंगतो आणि स्थिर पृष्ठभाग सापडला की कायमचा चिकटतो. गोव्यात मांडवी नदीत किंवा कारवारला काळी नदीच्या मुखाशी नांगरून ठेवलेल्या होडीची न फिरणारी चक्री त्याला आयतीच मिळते. पावसात नदीचं गोडं पाणी खाली येतं तेव्हा ही वाढ मंदावते, पाऊस सरून पाणी खारं झालं की जोर धरते. तक्रार दिवाळीतच का येते याचं उत्तर एवढंच आहे.

साफ करायला पांढरा व्हिनेगर पुरे. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, व्हिनेगरमध्ये ते फसफसून मऊ पडतं, मग जुन्या टूथब्रशने निघतं. बाथरूमचं ॲसिड ओतू नका, चक्रीचा स्टीलचा आस त्यात खराब होतो. आणि खोलीच्या सेन्सरचं तोंड सुरीने खरवडू नका. चक्री साफ होऊनही अडखळत असेल तर आस वाकलेला किंवा झिजलेला असतो. चक्री आणि आस यांचं सुटं किट मिळतं, सेन्सरच्या मानाने खूप स्वस्त. अख्खा सेन्सर विकायला उत्सुक असलेला दुकानदार हे किट आपणहून दाखवणार नाही, नाव घेऊन मागावं लागतं.

पुढच्या वर्षी हाच प्रकार नको असेल तर उपाय फुकटचा आहे. होडी नांगरून घरी निघताना सेन्सर काढून डमी घाला. सेन्सर गोड्या पाण्याने धुऊन केबिनमध्ये अडकवा. डमीवर बार्नेकल बसले तरी बिघडत नाही. पंधरवड्यातून एकदा होडीवर जाणाऱ्याने तर हे करायलाच हवं. "एवढं कोण करत बसणार" म्हणणारे दरवर्षी तक्रार घेऊन येतात.

सेन्सरला बुडाचा नेहमीचा रंग मात्र फासू नये. कीटोन असलेले रंग प्लास्टिक खातात. सेन्सरसाठी पाण्यावर आधारित अँटिफाउलिंग वेगळं मिळतं, तेच पातळ लावावं, चक्रीच्या आसाला वगळून.

बोटाने फिरवूनही आकडा हलला नाही तर

मल्टिमीटर काढा. जुन्या ॲनालॉग स्पीड सेन्सरला बहुतेक करून तीन तारा: लाल वीजपुरवठा, उघडी जाळीची तार ग्राउंड, हिरवी सिग्नल. सगळ्याच कंपन्यांचे रंग असे नसतात, म्हणून माहितीपत्रकाशी ताडून बघा. लाल आणि ग्राउंडमध्ये डिस्प्लेकडून व्होल्टेज येतं का ते आधी पाहा. येत असेल तर मीटर हिरव्या तारेवर ठेवून चक्री अगदी हळू, एकेक पातं करत फिरवा. व्होल्टेज वर-खाली होत असेल तर सेन्सर जिवंत आहे, बिघाड पुढे आहे. तसंच उलटं: सेन्सर सोडवून डिस्प्लेच्या बाजूला सिग्नलची तार ग्राउंडला भराभर टेकवत राहा. आकड्यात काही हालचाल झाली तर डिस्प्ले ठीक.

या दोन तपासण्यांच्या मधोमध जे उरतं ती केबल, आणि तिथेच सगळ्यात जास्त रोग सापडतो. बिल्जमध्ये कुणीतरी कधीतरी तारा पिळून काळी टेप गुंडाळलेली असते. कल्हई नसलेल्या तांब्याच्या तारेत खारं पाणी शिरलं की ते इन्सुलेशनच्या आतून वर चढत जातं. टेप सोडली की सांधा हिरवा दिसतो, आणि तार चार बोटं मागे सोलली तरी काळीच निघते. लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. नवा सांधा बिल्जच्या वर, कोरड्या जागी, डबीत करा, आणि तार कल्हई केलेलीच वापरा. खोलीच्या सेन्सरची केबल मात्र शक्यतो कापूच नका. तिच्यातला परतीचा सिग्नल फार क्षीण असतो आणि जाळी नीट जोडली नाही की डिस्प्ले कसलेही आकडे दाखवू लागतो.

तापमान चुकत असेल तर थर्मिस्टरच्या दोन तारांमध्ये रोध मोजा. एअरमारच्या सेन्सरला 25 अंशांना 10 किलो-ओम मिळतो, 30 अंशांना 8 च्या आसपास. अनंत किंवा शून्य आलं तर विषय संपला.

नव्या प्रकारचे सेन्सर, म्हणजे डीएसटी 800 सारखे आकडे आतच तयार करून एनएमईए 2000 च्या, म्हणजे होडीवरच्या सगळ्या उपकरणांना जोडणाऱ्या सामाईक, केबलवर टाकणारे, या पद्धतीने तपासता येत नाहीत. तिथे वीज बंद करून मुख्य केबलच्या पांढऱ्या आणि निळ्या तारेत रोध मोजा. 60 ओम आला तर दोन्ही टोकांचे 120-120 ओमचे टर्मिनेटर, म्हणजे केबलच्या टोकांना लावायचे रोध, जागेवर आहेत. 120 आला तर एक गायब आहे. सेन्सर बिचारा उगाच बदनाम होतो.

खोलीच्या तीन रेघा

तीन रेघा म्हणजे प्रतिध्वनी मिळत नाही. तोंडावर बार्नेकल, रंगाचे थरावर थर, वळताना तळाखालून जाणारे हवेचे बुडबुडे, किंवा खोली सेन्सरच्या आवाक्याबाहेर. शीड भरून होडी कलली की सेन्सर तिरका बघतो आणि तेव्हाही आकडा सुटतो, तो बिघाड नव्हे.

घरी आणलेला खोलीचा सेन्सर लोक बादलीत बुडवून तपासतात आणि "मेला" म्हणून जाहीर करतात. बादलीत तळ इतका जवळ असतो की आवाज सोडून पूर्ण होण्याआधीच प्रतिध्वनी परत येतो. कुठल्याच सेन्सरला ते वाचता येत नाही. त्यासाठी विहीर हवी, आणि बेळगावात विहिरींना तोटा नाही. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर सोडा, तिथे वायर सोडायला गेलात तर बघ्यांची जत्रा भरेल. शेजाऱ्याची घरगुती विहीर बरी. दगड बांधलेल्या दोरीने पाणी किती आहे ते आधी मोजा. सेन्सर पाण्यात हातभर बुडवा, तोंड बरोबर खाली, भिंतींपासून शक्य तितका मध्यावर. डिस्प्ले आणि 12 व्होल्टची बॅटरी काठावर. दोरीच्या मापातून सेन्सर बुडालेला भाग वजा करून आकडा जुळला तर सेन्सर ठणठणीत आहे. गोड्या पाण्यात आवाज थोडा सावकाश जातो, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा दोन-तीन टक्के जास्त दिसला तर चालतं. कान जवळ नेला तर बऱ्याच सेन्सरमधून बारीक टकटक ऐकू येते. ती आली म्हणजे निदान आवाज सुटतोय.

एक जुनाट अडचण: डिस्प्ले एका कंपनीचा आणि सेन्सर दुसऱ्याचा. 200 किलोहर्ट्झच्या डिस्प्लेला 235 चा सेन्सर जोडला तर प्लग बसेल, आकडा येणार नाही. मागच्या मालकाने असं काही करून ठेवलंय का हे केबलवरच्या चिठ्ठीवरून कळतं. ती चिठ्ठी फाडू नका, तिच्यावर मॉडेल आणि बऱ्याचदा तारीखही असते.

खरंच बदलायची वेळ

चक्री किटनेही नीट होत नाही, हॉल सेन्सर मेलेला, तोंडाला भेगा, किंवा डिस्प्ले इतका जुना की त्याचे भाग मिळेनासे झालेत. तेव्हा सेन्सर बदला. पण त्याआधी टॉर्च घेऊन नळीजवळ गुडघ्यावर बसा.

मागच्या मे महिन्यात सदाशिवगडच्या बाजूला वाळूवर ओढलेल्या एका फायबरच्या होडीत मी असाच बसलो होतो. मालक नवा डिजिटल सेन्सर घेऊनच आले होते, "नळी चांगली आहे, कधी थेंब आला नाही" असं त्यांचं म्हणणं. नटाखाली कोरडा टिश्यू पेपर फिरवला तर कोरडाच निघाला. मग नट आणि नळीच्या सांध्यावर पेट्रोमॅक्सची काजळी बोटाने चोळली आणि फडक्याने पुसली. आट्याच्या मुळाशी केसाएवढी काळी रेघ राहिली, नळीच्या परिघाच्या जवळजवळ एक तृतीयांश भागात. नख लावलं तर जाणवतही नव्हती. होडीवर काम करणारा पोरगा कारवारचा, तो वाकून बघत म्हणाला, "अण्णा, हें हातान मोडतलें." आणि खरंच, सेन्सर काढून नळीचं वरचं तोंड नुसतं बाजूला दाबल्यावर तिचा वरचा भाग त्याच्या हातात आला. तीच नळी पाण्यात असताना कुणाचा पाय तिच्यावर पडला असता तर काय झालं असतं, हे वर सांगितलेल्या 230 लिटरवरून समजून घ्या.

प्लास्टिकची नळी भेगाळते ती बहुधा नट जास्त आवळल्याने. कुणीतरी पाइप रेंच लावलेला असतो. प्लास्टिकचा नट हाताने आणि फार तर पाव फेरा जास्त, त्याच्या पुढे जायचं नाही. पाणी सीलंट अडवतं, नटाचं काम फक्त सीलंट वाळेपर्यंत धरून ठेवायचं.

नळी कशाची घ्यायची हे ठरवताना होडीचा तळ बघा. लाकडी होडीला प्लास्टिकची नळी कधीही नाही, लाकूड फुगतं आणि नळी चिरडतं. तिथे ब्राँझ. फायबरला प्लास्टिक किंवा ब्राँझ दोन्ही चालतात. ॲल्युमिनियमच्या होडीला ब्राँझ लावलं तर खाऱ्या पाण्यात दोघांची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजतं, म्हणून तिथे स्टेनलेस किंवा प्लास्टिक.

आता बेळगावचा खास धोका. आपल्याकडे फाउंड्री आणि लेथ हाताशी असल्यामुळे "आयात कशाला, रेल्वेच्या तिसऱ्या गेटापलीकडे करून घेऊ" हा विचार पहिला येतो. करून घ्या, पण पितळेत नको. पितळेतला जस्त खाऱ्या पाण्यात हळूहळू निघून जातो, उरतं ते गुलाबी, भुसभुशीत तांबं. बाहेरून आकार तसाच राहतो, हातोडीचा टोला बसला की तुकडा पडतो. फाउंड्रीवाल्याला गनमेटल हवं म्हणून स्पष्ट सांगा, म्हणजे तांबं-कथलाचं, आणि भंगारातून काय वितळवलं याची खात्री नसेल तर पाण्याच्या पातळीखाली ते वापरूच नका.

डमीचंही तसंच. लेथवाला म्हणतो, "डेलरिन कशाला पायजे ओ, नायलॉन घालतो की, दणकट हाय." नायलॉन दणकट असतं हे खरं, पण ते पाणी शोषून फुगतं. नळीत अलगद सरकणारी डमी काही आठवड्यांनी अशी अडकते की काढताना नळीच उखडेल. डेलरिन हेही प्लास्टिकच, पण ते फारसं फुगत नाही. त्याचाच दांडा घ्या.

ओ-रिंगचं माप हा आणखी एक गुपचूप त्रास देणारा भाग. कुकरची रिंग कडक झाली की वाफ बाजूने निसटते, तसं जुन्या ओ-रिंगचंही होतं, म्हणून त्या बदलायच्या हे सगळ्यांना कळतं. पण बऱ्याच परदेशी सेन्सरची रिंग इंची मालिकेतली असते, जाडी 2.62 किंवा 3.53 मिलिमीटर. दुकानातल्या डबीत मिळते ती 2.5 किंवा 3.5 ची. डोळ्यांना फरक दिसत नाही. बसतेही छान. मग रात्रभरात बिल्जमध्ये पेलाभर पाणी साचतं आणि संशय नळीवर जातो. व्हर्निअर लावा, आणि शक्यतो सेन्सरसोबत आलेल्याच रिंगा वापरा.

नळी बदलणं

हे काम होडी जमिनीवर असताना, आणि माझ्या मते फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत. पावसात फायबर ओलं असतं, इपॉक्सी नीट धरत नाही. यांत्रिक मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै असते, त्या काळात धक्क्यावर बोटींची गर्दी होते आणि क्रेन मिळायला रांग लागते. तोवर तुमचं काम उरकलेलं बरं.

जुनी नळी ओढून काढायचा प्रयत्न करू नका. पॉलियुरेथेन सीलंट फायबरचा थर घेऊनच सुटतं. बाहेरची कॉलर ग्राइंडरने घासून संपवा, तळाला चाक लागणार नाही एवढं बघून, मग नळी आतल्या बाजूला ठोका. ती बाहेर आली की भोकाच्या कडा बघा. कडेला फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम दिसला तर थांबा. ते ओलं असेल तर नखाने खणलं तरी निघतं. सगळ्या बाजूंनी बोटभर आत खणून काढा, पूर्ण वाळू द्या, आणि ती जागा घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा. नंतरच त्यातून भोक पाडा. ही पायरी गाळली तर पाणी तळाच्या पोटात पसरतं आणि बाहेर काहीच दिसत नाही.

नवी नळी जुन्या भोकापेक्षा मोठी असेल तर होल सॉला, म्हणजे गोल भोक कापणाऱ्या करवतीला, मधला आधार नसतो. जुन्या भोकात प्लायची गोल चकती घट्ट बसवा, तिच्या मध्यावर पायलट ड्रिल मारा, आणि बाहेरून आत कापा. नवी नळी लहान असेल तर मात्र खरं काम आहे: भोक फायबरने बुजवायचं, कडा 12 ला 1 उतारात घासायच्या. दहा मिलिमीटर जाडीच्या तळाला सगळ्या बाजूंनी 120 मिलिमीटर उतार येतो. हे स्वतः पहिल्यांदा करत असाल तर फायबरचं काम येणारा माणूस सोबत घ्या. म्हणूनच सेन्सर निवडताना जुन्या भोकाचं माप आधी बघावं. आजकाल बरेच सेन्सर 51 मिलिमीटरच्या नळीत बसतात. चक्रीच नको असेल तर त्याच मापात आवाजाच्या लहरींनी वेग मोजणारे, कुठलाही फिरता भाग नसलेले सेन्सर आहेत. महाग, पण बार्नेकलला धरायला चक्री उरत नाही. तोंड मात्र तरीही साफ ठेवावं लागतं.

सीलंट पाण्याच्या पातळीखालचं, सागरी पॉलियुरेथेन: सिकाफ्लेक्स 291 किंवा थ्रीएमचं 4200. 5200 नको, ते इतकं पक्कं धरतं की पुढच्या वेळी वर सांगितलेला ग्राइंडर हाच मार्ग उरतो. बाथरूमचं सिलिकॉन इथे चालत नाही, आणि पॉलिसल्फाइड जातीचं सीलंट काही प्लास्टिकना खातं. सांधा पॉलिश पेपरने घासून, स्पिरिटने पुसून, कॉलरखाली आणि आट्यांवर भरपूर लावा. नळीवरचा बाण किंवा खाच होडीच्या नाकाकडे, कीलच्या रेषेला समांतर. थोडं फिरलं तरी चक्रीला पाणी तिरकं लागतं. नट बसवल्यावर चहूबाजूंनी सारखं सीलंट बाहेर आलं पाहिजे. आतल्या नळीत शिरलेलं लगेच पुसा, नाहीतर सेन्सर सरकणार नाही. ट्यूबवर लिहिलेला पूर्ण वेळ थांबा. "वर हात लावून बघितलं, सुकलंय" याला अर्थ नाही.

फक्त खोलीच हवी असणाऱ्यांना एक पळवाट आहे. तळाला मधला बाल्सा-फोम नसेल, सलग फायबर असेल, तर भोकच पाडू नका. आतून चिकटवायचा सेन्सर फायबरमधून आरपार वाचतो. कायमचा लावण्याआधी पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी तळावर ठेवून तिच्यावर सेन्सर दाबून बघा, आकडा स्थिर आला तर जागा चांगली. स्पीड आणि पाण्याचं तापमान मात्र यातून मिळत नाही.

"मोबाइलवर जीपीएस स्पीड दिसतो की, चक्री कशाला?" हाही प्रश्न येतो. जीपीएस जमिनीच्या तुलनेत वेग सांगतं, चक्री पाण्याच्या. काळी नदीच्या मुखाशी ओहोटीच्या धारेविरुद्ध शीड लावून बघा, जीपीएस दोन नॉट म्हणेल आणि शीडं मात्र उत्तम ओढत असतील. शिवाय खऱ्या वाऱ्याचा हिशेब डिस्प्ले पाण्यातल्या वेगावरूनच करतो. फिरायला जाणाऱ्याला जीपीएस पुरेल, शर्यतीवाल्याला नाही.

पाण्यात उतरल्यावर

क्रेनच्या पट्ट्यात होडी लटकलेली असतानाच आत जाऊन नळीभोवती कोरडा टिश्यू ठेवा. ओला झाला तर तिथूनच परत वर. पहिल्या रात्री कुणीतरी होडीवर झोपावं किंवा निदान संध्याकाळी आणि पहाटे बघून यावं.

मग कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा खऱ्या वेगाशी जुळवणं. वारा-लाटा कमी असताना इंजिनवर सारखा वेग धरून एक सरळ पट्टा जा आणि त्याच पट्ट्यावर परत या. समजा जीपीएसने जाताना 5.2 आणि येताना 4.4 दाखवले, तर धारेचा परिणाम वजा होऊन सरासरी 4.8. चक्रीने दोन्ही वेळा 4.0 दाखवले असतील तर डिस्प्लेमधला गुणक 1.20. जाता-येता चक्रीचेच आकडे वेगळे आले तर इंजिनचा वेग सारखा राहिला नाही, पुन्हा करा. जुन्या डिस्प्लेला नवा सेन्सर जोडला असेल आणि गुणक त्याच्या मर्यादेतच बसत नसेल, तर दोघांचे पल्स जुळत नाहीत. मध्ये कन्व्हर्टर लागेल. खोलीचा ऑफसेट टाकायचा राहिला असेल तर तोही आताच: सेन्सरपासून कीलच्या तळापर्यंतचं अंतर वजा केलं की आकडा कीलखाली उरलेलं पाणी दाखवतो, सेन्सरपासून पाण्याच्या पातळीपर्यंतचं मिळवलं की एकूण खोली. दोन्हीपैकी कुठलं ठेवलंय ते डिस्प्लेशेजारी मार्करने लिहून ठेवा, म्हणजे होडी उधार नेणारा मित्र वाळूवर चढणार नाही.